चाव्या कोणाकडे द्यायच्या?

लातूरहून आलेले सहा पानी पत्र समोर आहे. लिहिणारे गृहस्थ जलसंपदा विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले असून त्यांचे वय 63 आहे; पत्नीचे वय 61, त्या गृहिणी आहेत. मुलगा लिस्बनमध्ये संगणक क्षेत्रात नोकरीला आहे आणि मुलगी पुण्यात असते. गेल्या एप्रिल-मेमध्ये दोघे मुलाकडे गेले होते, तेव्हा पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, आल्गार्व्ह भागातल्या ताविरा या गावी त्यांनी बारा दिवस मुक्काम केला आणि त्या मुक्कामातच तिथे कायमचे राहायला जायचे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. निवृत्तिवेतनाच्या आधारावर तिथला निवासी व्हिसा मिळेल का, लातूरचे घर विकून आणि ठेवी मोडून ताविरात एका बेडरूमचा फ्लॅट घ्यावा का, आणि दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या औषधपाण्याचे तिथे कसे होईल? शेवटच्या पानाच्या समासात वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात एक ओळ लिहिलेली आहे : "घराच्या चाव्या कोणाकडे द्यायच्या, तेवढे सांगा."

साहेब आणि वहिनी, सप्रेम नमस्कार.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिले आहे की, चाळीस वर्षे टँकरच्या फेऱ्या आणि धरणातला मृतसाठा मोजण्यात गेली, आता उरलेले दिवस पाण्याकडे तोंड करून बसावेसे वाटते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात आली, तो दिवस ज्याने पाहिला आहे त्याला या इच्छेचे स्पष्टीकरण विचारू नये, आणि मीही विचारणार नाही. ही इच्छा पोरकट नाही आणि परवडण्याच्या पलीकडचीही नाही. तुम्ही ती ज्या रीतीने पूर्ण करायला निघाला आहात, त्या रीतीला मात्र माझी हरकत आहे.

आधी व्हिसा. तुम्ही ज्याची चौकशी केली आहे तो डी-7 प्रकारचा व्हिसा निवृत्तिवेतन, व्याज, घरभाडे अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नावर मिळतो. त्यासाठी अर्जदाराचे मासिक उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके असावे लागते आणि जोडीदारासाठी त्यावर निम्मी भर घालावी लागते. पोर्तुगालचे किमान वेतन 2026 साली महिना 920 युरो आहे, म्हणजे तुम्हा दोघांसाठी 1380 युरो झाले. युरो सध्या शंभर रुपयांच्या वर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो 105 रुपये धरला, तर ही रक्कम 1,44,900 रुपये होते. तुम्ही कळवलेले निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह 98,000, 72 लाखांच्या ठेवींवरचे व्याज सुमारे 42,000 आणि वरच्या मजल्याचे भाडे 12,000, असे एकूण 1,52,000 रुपये भरते. काठावर का होईना, तुम्ही बसता. हे किमान वेतन मात्र दरवर्षी वाढते आणि रुपया युरोसमोर घसरत आला आहे, तेव्हा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हीच बेरीज पुन्हा मांडावी लागेल, हे ध्यानात ठेवा. पोलीस पडताळणीचा दाखला, विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल म्हणजे परदेशात ग्राह्य ठरणारा सरकारी शिक्का, तिथला करक्रमांक, भाडेकरार अशी कागदांची जुळवाजुळव कार्यकारी अभियंत्याला मी काय सांगावी. निविदेची फाइल ज्याने पुढे सरकवली आहे त्याला ती जमेल. तिथले परदेशी नागरिकांचे काम पाहणारे खाते 2023 साली नव्याने स्थापन झाले आणि त्याला जुन्या अर्जांचा मोठा ढीग वारशाने मिळाला, त्यामुळे चार महिन्यांच्या प्रवेश व्हिसावर तिथे उतरल्यानंतर दोन वर्षांचे निवासपत्र हाती पडेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.

आता त्याच बेरजेतून ठेवी आणि घरभाडे वगळून पाहा, कारण फ्लॅट घ्यायचा म्हणजे तुम्हाला नेमके तेच करावे लागणार आहे. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट 1,90,000 युरोचा आहे, म्हणजे जवळजवळ दोन कोटींचा. घराचे एक कोटी तीस लाख येतील असे तुम्ही धरले आहे. त्यात ठेवींचे 72 लाख मिळवले की दोन कोटी दोन लाख होतात आणि तुमच्या मते गणित सुटते. मला ते सुटताना दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तेव्हा मर्यादेची अडचण नाही. पण परदेशात घर घेण्यासाठी पैसे पाठवताना दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ गोळा करते. दोन कोटी एकाच्या नावे गेले तर ही रक्कम 38 लाखांच्या घरात जाते. विवरणपत्र भरल्यावर ती वळती होते किंवा परत मिळते हे खरे, पण खरेदीच्या दिवशी ती तुमच्या खिशातून गेलेली असते. तिथला मालमत्ता हस्तांतरण कर, मुद्रांक शुल्क आणि वकिलाची फी यांचा तर तुमच्या कागदावर उल्लेखही नाही.

समजा, मुलाने हातभार लावला आणि हेही निभावले. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सहा पानांत सगळीकडे 'आम्ही' आहे. आम्ही सकाळी खाडीकाठी फिरू, आम्ही शनिवारी बाजारात जाऊ, आम्ही पोर्तुगीज शिकू. दोघांपैकी एकच माणूस उरेल तेव्हा त्या फ्लॅटमध्ये काय होईल, याबद्दल एक वाक्यही नाही. मागे राहणारी व्यक्ती बहुधा वहिनी असतील; वय, अँजिओप्लास्टी आणि आपल्याकडची साधारण रीत लक्षात घेता हे स्पष्ट बोललेले बरे. तुमचे निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्म्यावर ठरले आहे, कुटुंब निवृत्तिवेतन मात्र सुरुवातीची वाढीव दराची मुदत संपली की 30 टक्क्यांवर येते. म्हणजे आजचे 98,000 वहिनींच्या हाती साधारण 59,000 होऊन येतील. एकट्या अर्जदाराला लागणारे 920 युरो म्हणजे 96,600 रुपये. घर आणि ठेवी शाबूत असतील तर व्याज आणि भाडे धरून त्यांचे उत्पन्न 1,13,000 च्या आसपास राहते आणि त्यांना तिथे राहायचे असेल तर स्वतःच्या बळावर राहता येते. घर आणि ठेवी फ्लॅटमध्ये गेल्या असतील तर नूतनीकरणाच्या टेबलावर त्यांच्याकडे 59,000 रुपये आणि एक फ्लॅट असेल, आणि परतायचे म्हटले तर लातुरात त्यांचे घर नसेल. हे कोष्टक एका कागदावर दोघांनी मिळून मांडा. मी सांगितले म्हणून मान्य करू नका.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या बायकांमध्ये एक आजी दरवर्षी यायच्या, आणि त्यांच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला कधीच उमटत नसे. शेतात खुरपून रेषा झिजून गेल्या होत्या. आम्ही बोट ओल्या फडक्याने पुसून घ्यायचो, थोडे थांबायचो, दुसरे बोट लावायचो, आणि शेवटी शाखाधिकारी ओळखतात म्हणून काम व्हायचे. हा दाखला परदेशात राहणाऱ्यालाही दर नोव्हेंबरला द्यावा लागतो, तो दिला नाही की निवृत्तिवेतन थांबते, आणि भारताचा दूतावास लिस्बनला आहे, म्हणजे ताविराजवळच्या फारो शहरापासून सुमारे 280 किलोमीटरवर. तुम्ही दोघे मिळून ती आगगाडीची सहल कराल आणि आनंदाने कराल. पण सत्तरीतल्या एकट्या बाईने, भाषा अर्धवट येत असताना, ती फेरी दरवर्षी कशी करावी याचा विचार आजच करायला हवा. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजिटल सोय आता आली आहे. ती वहिनींच्या मोबाइलवर, वहिनींच्या हातून, इथेच एकदा करून पाहा.

मुलगा लिस्बनमध्ये आहे, हे तुमच्या योजनेचे मोठे बळ आहे असे तुम्ही लिहिता आणि पुढच्याच पानावर तो दोन-तीन वर्षांत जर्मनीला जाण्याच्या विचारात आहे असेही लिहिता. या दोन वाक्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या.

औषधपाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. निवासपत्र मिळाल्यावर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदवता येते आणि ती सेवा चांगली आहे. फारो आणि पोर्तिमांव येथे मोठी सरकारी रुग्णालये आहेत आणि तातडीच्या वेळी 112 हा क्रमांक चालतो. फॅमिली डॉक्टर नेमून मिळण्यासाठी मात्र देशभर मोठी रांग आहे आणि आल्गार्व्ह त्याला अपवाद नाही. खासगी विमा साठी-पासष्टीनंतर नव्याने मिळणे अवघड असते, आणि मिळालाच तरी आधीपासूनचा हृदयविकार त्यातून वगळला जाण्याची शक्यता धरून चाला. तुमची इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातल्याच उपचारांपुरती असेल. तरीही ती बंद करू नका. या वयात एकदा सोडलेली पॉलिसी पुन्हा जुन्या अटींवर कोणी देत नाही.

कराचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा होता. वर्षातले 183 दिवस तिथे राहिलात की तुम्ही तिथले करदाते होता, आणि इथल्या व्याजाचे व भाड्याचे उत्पन्नही तिथे दाखवावे लागते. परदेशी निवृत्तिवेतनाला मिळणारी जी सवलत तुम्ही ऐकून आहात, ती 2024 पासून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाली आहे. सरकारी निवृत्तिवेतनावर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार सर्वसाधारणपणे पैसे देणारा देशच कर घेतो, एवढा दिलासा आहे. इकडे अनिवासी झालात की बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे खाते, करावे लागते, त्याच्या व्याजावर 30 टक्के दराने कर आधी कापला जातो, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही. दोन्ही देशांचे कायदे जाणणारा करसल्लागार गाठा आणि त्याची फी देताना घासाघीस करू नका.

औशाकडची सात एकर जमीन मात्र राहू द्या. अनिवासी भारतीयाला शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, पण आधीची ठेवता येते. विकायची झालीच तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. बटईवर दिलेल्या जमिनीची ई-पीक पाहणी, विम्याचे अर्ज आणि उद्या फेरफाराचे काही काम निघाले तर ते, हे सगळे करण्यासाठी मुलीच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथेच नोंदवून घ्या. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, आणि ही मुदत चुकल्यामुळे झालेली तारांबळ मी एकापेक्षा अधिक घरांत पाहिली आहे.

आता त्या पाण्याकडे वळतो, कारण तुमच्या इच्छेचे मूळ तिथे आहे. ताविरासमोरचे रिया फोर्मोझाचे उथळ खारे पाणी, वाळूचे पट्टे, भरतीबरोबर रंग बदलणारी खाडी हे तुम्ही एप्रिल-मेमध्ये पाहिले. तो त्या किनाऱ्याचा सर्वांत सुंदर काळ असतो; आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या वर गेलेला असल्यामुळे तो तुम्हाला आणखी सुंदर वाटला असेल, तर त्यात चूक नाही. जानेवारीत तिथे दुपारी 16 अंशांच्या आसपास आणि रात्री सात-आठ अंश तापमान असते. आकडा ऐकून तुम्ही म्हणाल की यात काय विशेष. पण तिकडच्या घरांत बहुधा तापवण्याची सोय नसते, पाऊस नेमका हिवाळ्यात पडतो, दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच हाताला लागतो आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते. उन्हाळी पाहुणे गेलेले असतात आणि अर्धी खानावळ-दुकाने बंद असतात. त्याच दिवसांत लातुरात येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, असते. शेतात कडब्याची खोप, आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. त्या दिवसाची आठवण आल्गार्व्हच्या दमट खोलीत बसून काढणे कसे असते, हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच एकदा अनुभवा.

आणखी एक गोष्ट तुमच्यातल्या अभियंत्यासाठी. 2024 च्या आरंभी आल्गार्व्हमधली धरणे इतकी खाली गेली होती की सरकारने शेतीच्या पाण्यात 25 टक्के आणि नागरी पुरवठ्यात 15 टक्के कपात जाहीर केली. पुढे पाऊस झाल्यावर ती सैल झाली. तिथेही पाहुण्यांची हॉटेले, गोल्फची मैदाने आणि अवोकाडोच्या बागा यांनी किती पाणी प्यावे यावर वाद चालतात. आपल्याकडच्या उसाचा वाद ज्याने मांजराकाठी ऐकला आहे, त्याला त्यातला शब्दन् शब्द कळेल. समुद्राकडे तोंड करून बसता येईल, पण लातूरला पाणी देणाऱ्या धनेगावच्या धरणाची पातळी विचारायची सवय तिथेही सुटणार नाही. मला तर वाटते, तिथल्या धरणांची पातळी तुम्ही पहिल्याच आठवड्यात पाठ कराल.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. निवासी व्हिसाचा अर्ज आत्ता करूच नका. सहा महिने तिथे, सहा महिने इथे असे तुम्ही लिहिले आहे. पण पहिल्या दोन वर्षांच्या परवान्याच्या मुदतीत सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने किंवा तुटक तुटक मिळून आठ महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले तर तो परवानाच धोक्यात येतो. म्हणजे वर्षाकाठी लातूरच्या वाट्याला चारच महिने येतात. त्यापेक्षा साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, घ्या. त्यावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, आणि तुमचे निवासी भारतीयत्व, बँक खाती, ठेवी व करस्थिती जिथल्या तिथे राहते. मार्चच्या मध्यात निघा आणि मृगाच्या आसपास परत या. लातूरचा उन्हाळा टळेल आणि पेरणी हुकणार नाही. या तीन महिन्यांचे भाडे ठेवींच्या व्याजातून निघेल. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिथली भाडी अस्मानाला टेकतात, तेव्हा तो काळ टाळा.

पण पहिली फेरी उन्हाळ्यात करू नका. पहिल्या खेपेला डिसेंबर-जानेवारीत जा, हॉटेलात उतरू नका, मुलाला बरोबर नेऊ नका, आणि भाड्याच्या घरात सहा आठवडे राहा. त्यातला एक आठवडा सगळी बाहेरची कामे वहिनींनी एकट्याने करावीत : औषधांचे दुकान, आरोग्य केंद्र, बस, वीजबिल. साहेबांनी त्या आठवड्यात घरात बसून राहावे आणि विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. वहिनींना भाषेची भीती वाटत असेल तर एक गंमत सांगतो. बाजारात 'बटाटा' म्हटले तर तिथे बटाटाच मिळतो. पाव, साबण, चावी, फीत, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले आहेत, तेव्हा थोडीशी पोर्तुगीज तुम्ही लहानपणापासून बोलतच आहात. पुढे पाच वर्षांनी कायम निवासाचा विचार करायचा झाला तर प्राथमिक पातळीची भाषापरीक्षा द्यावी लागते. दोघांनीही आजपासून रोज अर्धा तास दिला तर ती अवघड जाणार नाही. त्या सहा आठवड्यांनंतरही वहिनींनी हो म्हटले, तर डी-7 चा अर्ज खुशाल करा, भाड्याच्या घराच्या करारावर करा, आणि लातूरचे घर व ठेवी जागच्या जागी ठेवून करा.

आता समासातल्या ओळीबद्दल. वहिनी, घर विकायचे असते तेव्हा चाव्या घेणाऱ्याकडे जातात, त्यात विचारण्यासारखे काही नसते. तुम्ही विचारले, याचा अर्थ तुमच्या मनाने ते घर अजून विकलेले नाही, आणि साहेबांनी ती ओळ न खोडता पत्र पाठवले याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. चाव्यांचे तीन जुडगे करा. एक पुण्याला मुलीकडे द्या. दुसरा भाडेकरूकडे देऊ नका. महालक्ष्म्यांचे मुखवटे तुम्ही गावी नसताना ज्या शेजारणीकडे निर्धास्तपणे ठेवाल, तिच्याकडे द्या, आणि महिन्यातून दोनदा खिडक्या उघडून टाकीचा वॉल्व्ह पाहायला सांगा. तिसरा जुडगा तुमच्या स्वतःच्या हातातल्या पर्समध्ये असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको. मुंबईहून किंवा हैदराबादहून लातूरला पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि बॅग मागे राहिली तर दारात उभे राहावे लागते.